मदत हवी आहे: चॉम्स्कींवरच्या माहितीपटाला मराठी सबटायटल्स

आमच्या वाचनालयात पत्रकारितेच्या मुलांसाठी ‘मॅन्युफॅक्चरिंग कन्सेंट’ हा १९९२चा कॅनेडियन माहितीपट दाखवायचा आहे. अमेरिकन भाषातज्ज्ञ आणि विचारवंत नोम चॉम्स्कींची माध्यमचिकित्सा इतकी नेमकी मी दुसरीकडे पडद्यावर पाहिलेली नाही. त्यातला एक प्रसंग तर मुलांनी बघायलाच हवा: न्यूयॉर्क टाइम्समधल्या बातम्यांचे रकाने जमिनीवर पट्ट्यांसारखे उलगडत जातात. कंबोडियाची पट्टी संपता संपत नाही, इंडोनेशियाने बळकावलेल्या पूर्व तिमोरची मात्र लगेच संपते. अत्याचार दोन्हीकडे झाले होते!

पण माहितीपट १६७ मिनिटांचा, त्यात इंग्रजी भराभर. मराठी सबटायटल्स कुणी केली आहेत का? नसतील तर भाग वाटून घेऊन करायला कोण येईल? आणि जाहीर खेळासाठी परवानगी कुणाकडे मागायची? दोन भाग दोन रविवारी दाखवणं बरं की सलग, तेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.