संगणकाची इंटरनेट सेटिंग्ज पायथनमधून कशी वाचायची? (विंडोज १०, खर्च शून्य)

लॅबवाला
नमस्कार मंडळी. मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये सहायक आहे. लॅबमध्ये विंडोज १० ची ३८ मशीन आणि ऑफिसात एक मॅकबुक. रोज सकाळी विद्यापीठाच्या साइटवरची नवी परिपत्रकं उतरवून ठेवणारा छोटा प्रोग्राम मी पायथन ३.११ मध्ये लिहिलाय. घरी पळतो. लॅबमध्ये टाइमआउट. त्याच मशीनवर ब्राउझरमध्ये तीच लिंक लगेच उघडते. म्हणजे ब्राउझरला प्रॉक्सी (बाहेरच्या इंटरनेटकडे जाताना मधे बसणारा सर्व्हर) ठाऊक आहे, माझ्या प्रोग्रामला नाही.

अटी आधीच सांगतो: पैसे नाहीत, अ‍ॅडमिन पासवर्ड नाही, सोमवारी चालू झालं पाहिजे. प्रॉक्सीचा पत्ता कोडमध्ये लिहायचा नाही. नेटवर्क बाहेरची एजन्सी बघते आणि पत्ता न सांगता बदलते. दिवाळीनंतर दोनदा बदललाय. ब्राउझर जिथून वाचतो तिथूनच वाचणारी लायब्ररी हवी.

सह्याद्री_नेट
आधी एक चांगला फायरवॉल घ्या. आमच्या ऑफिसात ४२ हजारांचा बसवला, तेव्हापासून एकाही मशीनवर प्रॉक्सी टाकावी लागली नाही. मुळावर घाव घाला.

लॅबवाला
दादा, खर्च शून्य लिहिलंय वर.

कोडकरी
वेगळी लायब्ररी लागतच नाही. पायथनच्या यूआरएललिब.रिक्वेस्टमध्ये गेटप्रॉक्सीज नावाचं फंक्शन आहे. ते आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिम प्रत्येक प्रोग्रामला देते ती सेटिंग्ज) बघतं. तिथे काही नसेल तर विंडोजवर रजिस्ट्री (विंडोज आपली सेटिंग्ज ठेवतं ती जागा) वाचतं आणि मॅकवर सिस्टिम कॉन्फिगरेशनला विचारतं. वेबवरून फाइल आणणारी रिक्वेस्ट्स लायब्ररीही आतून हेच वापरते. एक ओळ चालवा आणि काय छापतंय ते इथे टाका.

रजिस्ट्रीभक्त
गेटप्रॉक्सीजच्या नादी लागू नका, थेट रजिस्ट्री वाचा. करंट यूजरखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, इंटरनेट सेटिंग्ज. तिथे प्रॉक्सीएनेबल, प्रॉक्सीसर्व्हर आणि प्रॉक्सीओव्हरराइड. विनरेग मॉड्यूल पायथनसोबतच येतं. वाचायला अ‍ॅडमिन लागत नाही. मी सहा वर्षं हेच करतोय.

कोडकरी
गेटप्रॉक्सीज हेच करतं हो. तुम्ही सहा वर्षं जे हाताने लिहिताय ते त्यांनी लिहून ठेवलंय.

रजिस्ट्रीभक्त
आणि चुकीचं लिहून ठेवलं होतं. रजिस्ट्रीत नुसता पत्ता आणि पोर्ट असला की जुन्या पायथनमध्ये एचटीटीपीएससाठीच्या प्रॉक्सीलाही पुढे एचटीटीपीएस लागायचं. रिक्वेस्ट्स जिच्यावर चालते त्या यूआरएललिब३ ची १.२६ आली तेव्हा ती त्या प्रॉक्सीशीच टीएलएस (एचटीटीपीएसमागची गुप्त भाषा) बोलायला गेली आणि लोकांचे प्रोग्राम बसले. कितीतरी जण १.२५.११ वर परत गेले. माझा एक दिवसही बंद पडला नाही.

कोडकरी
ते नंतर दुरुस्त झालं. धागाकर्ते ३.११ वर आहेत, त्यांना तो त्रास नाही.

मॅकचा_जुना
मॅकचा विषय निघाला म्हणून. पायथन २ मध्ये मॅकसाठी आयसी नावाचं मॉड्यूल होतं, इंटरनेट कॉन्फिगचं. ईमेल पत्ता, कुठली फाइल कुठल्या अ‍ॅपने उघडायची, सगळ्या पसंती एकाच जागी असत आणि कुठलाही प्रोग्राम त्या विचारू शके. लाँचयूआरएल म्हटलं की तुमच्या आवडीचा ब्राउझर उघडायचा. पायथन ३ मध्ये ते काढलं. ब्राउझर उघडण्यापुरतं आता वेबब्राउझर मॉड्यूल आहे. एकाच जागी सगळं असण्याची ती सोय फार मोलाची होती, मला अजून तिची उणीव भासते.

तुमच्या मॅकबुकवर टर्मिनलमध्ये एससीयूटिल आणि पुढे दोन डॅश प्रॉक्सी असं चालवा, आत्ता लागू असलेली सगळी सेटिंग्ज दिसतील. तिथे वायफायची आणि केबलची प्रॉक्सी वेगळी असू शकते, हे ध्यानात ठेवा.

लॅबवाला
गेटप्रॉक्सीज चालवलं. नुसता रिकामा महिरपी कंस येतोय. रजिस्ट्रीत प्रॉक्सीएनेबल शून्य आहे, म्हणजे बंद. तरी ब्राउझर चालतोच!

पुणे_जावा
जावात जेव्हीएम सुरू करताना यूजसिस्टिमप्रॉक्सीज ट्रू करायचं, मग प्रॉक्सीसिलेक्टरला विचारायचं. विषय संपला. आमचं अख्खं बिलिंग असं चालतं.

सह्याद्री_नेट
म्हणूनच म्हटलं, फायरवॉल.

घाटावरची
लॅबवाला, त्याच इंटरनेट सेटिंग्जमध्ये ऑटोकॉन्फिगयूआरएल नावाची नोंद आहे का बघा. असेल तर तुमच्याकडे पॅक फाइल आहे. त्या पत्त्यावर जावास्क्रिप्टची छोटी फाइल असते, तिच्यात फाइंडप्रॉक्सीफॉरयूआरएल नावाचं फंक्शन. ब्राउझर दर वेळी पत्ता आणि होस्ट देऊन ते चालवतो. उत्तर येतं, अमुक प्रॉक्सीने जा किंवा थेट जा. नेटस्केपच्या काळापासूनची पद्धत आहे ही. पायथनला जावास्क्रिप्ट चालवता येत नाही, म्हणून गेटप्रॉक्सीज पॅककडे बघतच नाही आणि रिकामं उत्तर देतं.

रजिस्ट्रीभक्तांचा कोडही इथे रिकामाच येईल.

लॅबवाला
आहे! ऑटोकॉन्फिगयूआरएल आहे, शेवटी डॉट पॅक. ताई, तीन दिवस मी भलतीकडेच शोधत होतो.

घाटावरची
मग पायपॅक लायब्ररी घ्या. फुकट आहे. ती रजिस्ट्रीतून पॅकचा पत्ता काढते, फाइल आणते आणि डुकपाय नावाच्या इंजिनात ते जावास्क्रिप्ट चालवते. रिक्वेस्ट्सच्या सेशनऐवजी पॅकसेशन लिहायचं, बाकी कोड तसाच.

रजिस्ट्रीभक्त
पॅक फाइल नोटपॅडमध्ये उघडा, आत प्रॉक्सीचा पत्ता दिसेल. तो रेग्युलर एक्स्प्रेशनने उचला. पाच ओळींचं काम.

घाटावरची
आणि आत चार इफ असले तर? विद्यापीठाला एक प्रॉक्सी, बाकीच्यांना दुसरी, आतल्या पत्त्यांना थेट. यातलं कुठलं उचलणार? हे मी करून बघितलंय. दोन महिने चाललं, मग परीक्षेच्या फॉर्मच्या ऐन दिवशी बंद. तो दिवस मी विसरत नाही.

रात्रपाळी
माझा अनुभव. प्रोग्राम हाताने चालवला की चालतो, टास्क शेड्यूलरमधून नाही. दोन आठवडे गेले. कारण असं की सिस्टिम खात्याखाली चालणाऱ्या कामाला तुमचा करंट यूजर दिसत नाही, त्याचा स्वतःचा वेगळा असतो. रोज सकाळी आपोआप चालवणार असाल तर ज्या खात्यात ब्राउझर चालतो त्याच खात्यातून चालवा.

दुसरं, कधीकाळी सेटएक्सने (व्हेरिएबल कायमचं ठेवणारी विंडोजची कमांड) एचटीटीपीएस प्रॉक्सीचं व्हेरिएबल टाकलं असेल तर ते आधी पुसा. माझं दोन वर्षांपूर्वीचं राहिलं होतं आणि पायथन रजिस्ट्रीपर्यंत पोचतच नव्हतं.

कोडकरी
मीही वर तेच म्हटलंय, आधी एन्व्हायर्नमेंट.

लॅबवाला
एका मशीनवर पायपॅक बसवून बघितलं. लॅबमध्ये पिपलाही (पायथनच्या लायब्ररी बसवणारं साधन) पॅक कळत नाही, म्हणून घरून पेनड्राइव्हवर आणलं. प्रॉक्सी सापडली! पण आता साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट चुकीचं म्हणतंय.

घाटावरची
प्रॉक्सी मधे बसून एचटीटीपीएस उघडत असणार आणि स्वतःचं सर्टिफिकेट देत असणार. ब्राउझर विंडोजच्या साठ्यातली सर्टिफिकेटं मानतो, रिक्वेस्ट्स सर्टिफाय नावाच्या गठ्ठ्यातली. ट्रस्टस्टोअर लायब्ररी घाला, ती विंडोजचाच साठा वापरते. पायथन ३.१० पासून पुढे चालते. व्हेरिफाय फॉल्स (सर्टिफिकेट तपासणीच बंद) मात्र करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

पुणे_जावा
व्हेरिफाय फॉल्स करा, सोमवार गाठायचाय ना.

घाटावरची
नका करू. ही परिपत्रकं मुलांपर्यंत जाणार आहेत. मधे कुणी फाइल बदलली तर कळणारसुद्धा नाही.

लॅबवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटी जे केलं ते इथे कुणीच सुचवलं नव्हतं. ३८ मशीनवर पेनड्राइव्ह घेऊन पायपॅक, डुकपाय, ट्रस्टस्टोअर बसवत फिरणं आणि पुढे ते सांभाळणं मला एकट्याला झेपणारं नाही. मी उतरवण्याचं काम पायथनकडून काढून घेतलं. पायथनच्या सबप्रोसेसने विंडोजचंच पॉवरशेल ५.१ (कमांड चालवायची सोय) बोलावतो आणि इन्व्होक-वेबरिक्वेस्टला फाइल आणायला सांगतो. ते विंडोजची प्रॉक्सी स्वतः वाचतं, पॅकसकट, आणि सर्टिफिकेटंही विंडोजचीच मानतं. काहीच बसवावं लागलं नाही. यूजबेसिकपार्सिंग मात्र लिहावं लागतं. सहा मशीनवर चाललं, उरलेल्यांवर उद्या टाकतो. मॅकबुकवर परिपत्रकं हातानेच उतरवणार.

कोडकरी
म्हणजे लायब्ररी विचारून लायब्ररी वापरलीच नाही. हे काही मला पटलं नाही. एका फाइलसाठी अख्खं पॉवरशेल उठवायचं?

घाटावरची
मी असते तर पायपॅकच ठेवलं असतं, पण तुमची अडचण कळते. प्रोग्रेसप्रेफरन्स सायलेंटलीकंटिन्यू करा. ५.१ मध्ये ती प्रगतीची पट्टी मोठी फाइल फार हळू करते.

लॅबवाला
केलं. ४० एमबीची पीडीएफ चार मिनिटं घेत होती, आता काही सेकंदांत येतेय.

नवखा_उबुंटू
माझ्याकडे उबुंटू आहे, तिथेही गेटप्रॉक्सीज रिकामं येतंय. सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी टाकलीय. नवीन धागा काढू की इथेच विचारू?