इमॅटिनिब सुरू असताना पपनस चालेल का?

प्रश्न (फोंडा): आईला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) असून डॉक्टरांनी इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम रोज एकदा दिले आहे. गोळीनंतर तिला मळमळते. शिवाय चतुर्थीला माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीचे) पपनस ती प्रसाद म्हणून खाते. ते चालेल का?

उत्तर (म्हापसा): गोळी रिकाम्या पोटी न देता जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर द्यावी, मळमळ बरीच आटोक्यात येते. पपनस मात्र कृपया टाळावेच, कारण ग्रेपफ्रूटप्रमाणेच त्यातील द्रव्ये औषधाचे विघटन करणाऱ्या सीवायपी३ए४ या एन्झाइमला अडवतात आणि रक्तातील औषधाचे प्रमाण वाढू शकते. प्रसादाला केळे द्यावे, श्रद्धेला त्याने काही उणे येत नाही.

उत्तर (मडगाव): झाडपाल्याची औषधेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नयेत, आणि बरे वाटते म्हणून ती परस्पर बंद तर मुळीच करू नये. आजार आटोक्यात आहे की नाही हे बीसीआर-एबीएल (या आजारातील सदोष जनुक) मोजणाऱ्या रक्तचाचणीवरूनच कळते. पुढे औषध बदलून निलोटिनिब दिले, तर त्याच्या कॅप्सूल उलट रिकाम्या पोटीच घ्याव्या लागतात, हे ध्यानात असावे.

प्रश्नकर्ता (फोंडा): मनापासून आभार. उलटी झाल्यास काय करावे, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांनाच विचारतो.