वुडसन चालले, पुढचा कोच घरचा आणायचा का बाहेरचा?

कोलंबसकर (८ फेब्रुवारी २०२५, सकाळ)

मंडळी, काल जाहीर झालं एकदाचं. हा सीझन संपला की माइक वुडसन इंडियाना युनिव्हर्सिटीचं बास्केटबॉल कोचपद सोडणार. आमच्या (इंडियाना राज्यातल्या) कोलंबसला कमिन्समुळे निम्मं कोथरूड येऊन राहिलंय आणि त्यातल्या बऱ्याच जणांना अजून क्रिकेटपलीकडे काही दिसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. इंडियानाची पाच राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, १९४०, ५३, ७६, ८१ आणि ८७. शेवटची तीन कोच बॉब नाइटची, आणि ७६ ची टीम ३२-० गेली, म्हणजे एकही मॅच न हरता, जे तेव्हापासून पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलच्या डिव्हिजन वनमध्ये (सगळ्यात वरच्या गटात) कोणालाच जमलेलं नाही. त्यानंतरचं मात्र सगळं मोठं घर पोकळ वासा. २००२ ला फायनल हरलो, २०१६ ला शेवटचं स्वीट सिक्स्टीन (राष्ट्रीय टूर्नामेंटमधल्या शेवटच्या सोळा टीम), बास.

या वर्षी सीझनच्या आधीच्या रँकिंगमध्ये १७ वे होतो. ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) अ‍ॅरिझोनाचा बालो, वॉशिंग्टन स्टेटचा राइस, स्टॅनफर्डचा कार्लाइल, सगळे आणले. आणि काय झालं? बहामाला लुईव्हिलने २८ ने धुतलं, जानेवारीत आयोवाने २५ ने, आणि तीनच दिवसांनी आपल्याच असेंब्ली हॉलमध्ये इलिनॉयने परत २५ ने. त्या मॅचला मी बाल्कनीत होतो, तिथून कोर्ट विहिरीत डोकावल्यासारखं दिसतं, आणि खाली स्टुडंट सेक्शन आपल्याच कोचला काढा म्हणून ओरडत होता. वुडसन हात बांधून कोर्टाकडे बघत उभे. माझ्या शेजारचे काका इंडियानाची ती पट्ट्यापट्ट्यांची पँट घालून आले होते, ते तेवढ्यात कोट चढवून निघाले पण.

माझं मत सरळ आहे, डस्टी मे ला आणा, लागेल तेवढे पैसे मोजा. हा माणूस ब्लूमिंग्टनच्या (आपल्या युनिव्हर्सिटीच्या गावाच्या) शेजारच्या ग्रीन काउंटीतला, नाइटच्या हाताखाली स्टुडंट मॅनेजर होता, टॉवेल आणि पाणी द्यायचा. २०२३ ला फ्लोरिडा अटलांटिकसारखी कोणी नाव न ऐकलेली टीम फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चारात, घेऊन गेला. गेल्या मार्चमध्ये मिशिगनला गेला, ती टीम आधीच्या वर्षी ८-२४ होती, आज बिग टेनमध्ये (आपलीच लीग) वरती आहे. आणि योगायोग बघा, आज दुपारी तोच मिशिगन घेऊन असेंब्ली हॉलला येतोय.

पुण्यातून_केली

दादा, तुम्ही परत तिथेच आलात. "आपला माणूस." चार वर्षांपूर्वी वुडसनना आणलं तेव्हा पण हेच ऐकलं होतं, आपला माणूस, नाइटचा खेळाडू, इंडियानासाठी २०६१ पॉइंट्स केलेला, आता बघा जुने दिवस येतात. आले का? पहिल्या वर्षी राष्ट्रीय टूर्नामेंटला कसेबसे गेलो आणि सेंट मेरीजने ८२-५३ झोडलं, दुसऱ्या वर्षी ट्रेस जॅक्सन-डेव्हिसच्या जोरावर दुसऱ्या राउंडपर्यंत, तिसऱ्या वर्षी घरी बसलो.

जरा बाहेर बघा. जॉर्जटाउनने आपला जुना हिरो पॅट्रिक यूइंगला आणलं, सेंट जॉन्सने क्रिस मलिनला, दोन्हीकडे फसलं, आणि तुमच्या मे च्या आधी मिशिगनमध्ये कोण होता? जुवान हॉवर्ड, तिथलाच हिरो, फॅब फाइव्ह या त्यांच्या गाजलेल्या पाच पोरांमधला! तो गेला म्हणूनच मे ला जागा मिळाली ना. म्हणजे मिशिगनने घरचा माणूस काढून बाहेरचा आणला आणि त्यांचं भलं झालं, आणि आपण त्यातून शिकायचं काय तर घरचा आणा??

आपल्याच कॅम्पसवर फुटबॉलमध्ये बघा की. कर्ट सिग्नेटीचा इंडियानाशी काडीचा संबंध नव्हता. जेम्स मॅडिसनहून आला, आल्या आल्या म्हणाला मी जिंकतो, गूगल करा, आणि ज्या फुटबॉल टीमवर सगळं राज्य हसायचं तिला ११-२ करून प्लेऑफला नेलं. डॉल्सनने (आपला अ‍ॅथलेटिक डायरेक्टर) तिथे वंशावळ बघितली नाही. इथे का बघायची?

जुनाट_फॅन

वुडसनबद्दल बोलताना जरा भान ठेवा. त्या माणसाने आल्या आल्या पर्ड्यूकडून (राज्यातला आपला कट्टर प्रतिस्पर्धी) सलग नऊ पराभवांची माळ तोडली आणि २०२३ ला दोन्ही मॅच जिंकल्या, त्यांच्या आधीच्या कोचला, आर्ची मिलरला, पर्ड्यूला हरवणं एकदाही जमलं नव्हतं. आर्ची पण बाहेरचाच होता ना? डेटनहून आणलेला तरुण, हुशार, सगळे म्हणत होते हाच तो. चार वर्षांत एकदाही टूर्नामेंट नाही (२०२० ची कोविडने रद्द झाली हे धरून), आणि घरी पाठवायला एक कोटीहून जास्त डॉलर देणगीदारांकडून गोळा करावे लागले. तेव्हा बाहेरचा आणला की सगळं सुरळीत होतं हे मला नका सांगू.

मी तर म्हणतो ब्रॅड स्टीव्हन्सला परत एकदा फोन लावा. झायन्सव्हिलचा पोरगा, डीपॉला खेळला, बटलरसारखं छोटं कॉलेज लागोपाठ दोनदा फायनलला नेलं, २०१० आणि २०११.

बॉयलर_बंड्या

😂😂 स्टीव्हन्स! आलं का परत ते नाव! दर वेळी इंडियानाचा कोच गेला की स्टीव्हन्सचा नंबर फिरवतात. काका, तो बोस्टन सेल्टिक्सचा प्रेसिडेंट आहे, गेल्या जूनमध्ये एनबीए जिंकलाय, तो काय आता सतरा वर्षांच्या पोरांच्या आईबापांना कॉफी पाजत फिरणार का?

जुनाट_फॅन

पर्ड्यूवाल्यांना इथे कोणी बोलावलं? आधी एक तरी विजेतेपदाचा बॅनर लावा मग बोला.

बॉयलर_बंड्या

बॅनर नाही हे मान्य, गेल्या वर्षी फायनलला यूकॉनने हरवलं. पण गेलो तरी होतो. तुमचं कौतुक ८७ ला थांबलंय, तेव्हा मी नाशिकला बालवाडीत होतो.

आणि गंमत म्हणून नाही, खरंच सांगतो. तुम्ही दोघं घरचा-बाहेरचा करत बसलाय आणि मॅट पेंटर विसरलात. आमचा पेंटर पर्ड्यूचाच, जीन केडीच्या हाताखाली खेळलेला, एकदम घरचा. २००५ पासून बसलाय आणि चाललंय छान. मग यूइंग, मलिन का फसले आणि पेंटर का नाही? कारण पेंटर असिस्टंट म्हणून घासून, सदर्न इलिनॉयला हेड कोच होऊन मग घरी आला. वुडसननी आयुष्य एनबीएमध्ये काढलं, अटलांटा, न्यूयॉर्क, कॉलेजमध्ये एक दिवस कोचिंग नाही, आणि एकदम ६३ व्या वर्षी रिक्रूटिंग, पोर्टल, एनआयएलचे (खेळाडूंना नावाबद्दल मिळणारे) पैसे हे सगळं अंगावर. दोष घरचा असण्यात नव्हता.

थ्री_मारा

बंड्या बरोबर बोलतोय, लिहिताना हात थरथरतायत पण बोलतोय 😅

मला कोणाच्या वंशावळीत रस नाही, मला खेळ बघवत नाहीये. एक पझेशन सांगतो, दर मॅचला पन्नास वेळा दिसतं. बालो खाली बास्केटजवळ पाठ करून उभा. आपला दुसरा उंच खेळाडू रेनो दुसऱ्या बाजूला, तो पण आतच. म्हणजे समोरचे दोन उंच डिफेंडर बास्केटखाली फुकटात मिळाले. राइस वरून बॉल आणतो, त्याचा डिफेंडर दोन पावलं मागे सरकतो कारण माहितीये हा थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारणार नाही, आता आतमध्ये सात-आठ माणसं, बॉल बालोकडे जातो, दोघं त्याच्यावर पडतात, तो बाहेर फेकतो आणि शॉट क्लॉकवर उरलेत चार सेकंद. सगळा देश स्पेसिंग स्पेसिंग (पसरून उभं राहा) म्हणतोय, पाचही जण थ्री मारतायत, आणि आपण १९९५ चं पुस्तक वाचतोय.

म्हणून माझं मत बेन मॅककॉलम. नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेटला डिव्हिजन टूमध्ये (दुसऱ्या गटात) चार विजेतेपदं, २०१७, १९, २१, २२. या वर्षी ड्रेकला आला, आणि डिव्हिजन टूमधलीच आपली पोरं सोबत आणली आणि त्या पोरांनी व्हँडरबिल्टला हरवलं. महागडे प्लेअर नाहीत, पण प्रत्येकाला कुठे उभं राहायचं ते माहितीये.

नागपूरची_गार्ड

मॅककॉलमचं ड्रेक बघितलंय का तुम्ही पूर्ण मॅच? देशातल्या सगळ्यात हळू खेळणाऱ्या टीम्समधली एक. पहिले वीस सेकंद बॉल फिरवत बसतात. जिंकतात हो, बरोब्बर जिंकतात, पण इंडियानाला पहिल्याच वर्षी ५५-५२ अशी मॅच हरले ना तर असेंब्ली हॉलमधले १७ हजार लोक त्याला वुडसनपेक्षा आधी पळवतील.

मी स्वतः पॉइंट गार्ड खेळलेय, शाळेपासून, नागपूरला सिमेंटच्या कोर्टवर, गुडघ्यांवर अजून खुणा आहेत. तेव्हापासून एक कळलंय की सिस्टीम चांगली असली तरी पोरांना तिच्यात खेळायची मजा आली पाहिजे, आणि आता तर पोरं दर एप्रिलला पोर्टलमध्ये जाऊ शकतात. मजा आली नाही की गेली.

माझं नाव तुम्ही कोणीच घेतलं नाही, डॅरियन डेव्हरीज. क्रेटनला वर्षानुवर्षं असिस्टंट, म्हणजे मोकळं, थ्री मारणारं ऑफेन्स रक्तात. मग ड्रेकला सहा वर्षांत तीनदा टूर्नामेंट, आणि या वर्षी वेस्ट व्हर्जिनियाला जवळजवळ कोरी टीम घेऊन बसला. ज्या बहामाच्या स्पर्धेत आपली धुलाई झाली ना, तिथेच यांनी गॉन्झागा आणि अ‍ॅरिझोनाला हरवलं. नंतर त्याचा स्वतःचा मुलगा टकर, टीमचा सगळ्यात भारी शूटर, जखमी होऊन बाहेर, तरी ३१ डिसेंबरला कॅन्ससला त्यांच्या घरात एका पॉइंटने हरवलं.

जुनाट_फॅन

डेव्हरीज कोण? खरंच विचारतोय. टूर्नामेंटमध्ये किती लांब गेलाय तो?

नागपूरची_गार्ड

फार नाही, मान्य. पण काका, "कोण" हा प्रश्न सिग्नेटीबद्दल पण विचारला होता ना सगळ्यांनी?

पुण्यातून_केली

+१. मला डेव्हरीज चालेल. स्कॉट ड्रू पण चालेल, २०२१ ला बेलरला जिंकवलंय, स्वतः बटलरचा आणि वडील वॅल्पराइझोला कोच, म्हणजे कोलंबसकरांची इंडियानाची हौस पण भागेल. फक्त तो गेल्या वर्षी केंटकीला नाही म्हणालाय, आपल्याला कशाला हो म्हणेल.

कोलंबसकर (रात्री)

हरलो. ७०-६७. सलग पाचवी.

पण काय बघितलं ते सांगतो. मे ने गोल्डिन आणि वुल्फ, दोन्ही सात-सात फुटी, एकाच वेळी खेळवले. थ्री_मारा, तू म्हणतोस दोन उंच माणसं म्हणजे जुनं पुस्तक, मग हे काय? फरक असा की वुल्फ वरून बॉल हातात घेऊन येतो, गार्डसारखा, आणि गोल्डिन त्याच्यासाठी पिक लावतो (डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहतो), आता सात फुटी माणसाला कोण अडवणार आणि कोण मागे जाणार हे आपल्या पोरांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आहे तो माल घेऊन त्याचं काय करायचं हे त्याला कळतं. शेवटी आपण जवळ आलो, आवाज असा झाला की कानठळ्या, पण पोचलो नाही. आणि मॅच संपल्यावर मे चालत गेला तेव्हा आमच्या ओळीतले सगळे त्याच्याकडेच बघत होते, आपल्या टीमकडे नाही.

पुण्यातून_केली

म्हणजे तिथून बघतानाच तुम्ही त्याचं लग्न लावून टाकलंत. त्याला मिशिगनला एक वर्ष पण पूर्ण झालं नाहीये. तिथे पैसा आहे, टीम जिंकतेय, तो का सोडेल? दुरून डोंगर साजरे म्हणतात ते हे.

कोलंबसकर

कारण तो इथला आहे! तुम्हाला पुण्यात बसून नाही कळायचं. नॅशव्हिलवरून (इंडियानातलं, टेनेसीतलं नव्हे) ब्लूमिंग्टनला येणाऱ्या ४६ नंबरच्या रस्त्याने एकदा मॅचच्या दिवशी गाडी चालवा, प्रत्येक गॅरेजवर रिंग लावलेली दिसते.

नागपूरची_गार्ड

दादा, गॅरेजवरच्या रिंग बघून कोणी मिशिगन सोडत नसतं 😄 आणि तो आला नाही तर? सगळे मार्चअखेरपर्यंत मे मे करत बसतील आणि तोवर बाकीचे तिघं दुसरीकडे सही करून मोकळे. पोर्टल पण तेव्हाच उघडतं, कोच नसेल तर कोण थांबणार आपल्याकडे?

जुनाट_फॅन (१२ फेब्रुवारी)

आज कोणी बोलत नाहीये का? मिशिगन स्टेटला त्यांच्या कोर्टवर ७१-६७! त्यांचा कोच टॉम इझो बिग टेनमध्ये नाइटच्या ३५३ विजयांची बरोबरी करणार होता, आणि त्याला कोणी थांबवलं? नाइटच्याच खेळाडूने. रेनो काय खेळला! मला वाटतं जाहीर करायची घाई झाली. दबाव गेल्यावर पोरं कशी मोकळी खेळली बघा.

थ्री_मारा

काका, अहो दबाव गेला कारण ते जाणार हे ठरलं 😂 हे म्हणजे राजीनामा चांगला लागू पडला म्हणून राजीनामा परत घ्या असं झालं.

जुनाट_फॅन

हसा. इझोचं तोंड बघितलं का, मला आज बाकी काही नको.

बॉयलर_बंड्या

अभिनंदन हो, मनापासून. इझो आमचा पण कोणी लागत नाही. २३ तारखेला आम्ही येतोय तिकडे, वेस्ट लफायेटहून दोन गाड्या भरून, थालीपीठं मी आणतो, पराभव तुम्ही घ्या.

पुण्यातून_केली

ते राहू दे. कोलंबसकर, प्रश्न तसाच आहे, मे नाही म्हणाला तर तुमचा दुसरा कोण? उत्तर देत नाही तुम्ही.

कोलंबसकर

डेव्हरीज नाही, एवढं नक्की. पहिल्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनिया सोडून येणारा माणूस उद्या आपल्याला पण सोडेल.

नागपूरची_गार्ड

आणि मे ने पहिल्याच वर्षी मिशिगन सोडलं तर ते प्रेम? आपला तो बाब्या!

कोलंबसकर

...बरं, मग मॅककॉलम. हळू तर हळू. पण मग आत्ताच बोला त्याच्याशी, तो आयोवा युनिव्हर्सिटीच्या गावात, आयोवा सिटीत, जन्मलेला आहे आणि आयोवात पण कोचबद्दल कुरकुर चाललीये म्हणे. त्यांनी आधी फोन लावला तर आपण बसू इथे यादी करत.

थ्री_मारा

हेच मी चार दिवसांपूर्वी बोललो होतो. स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.