अर्थशास्त्र: आलेख पाठ होतो, पण समजत नाही. कसं शिकवावं?

धागाकर्ती:
पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवते. मुलं मागणी-पुरवठ्याचा आलेख सुबक काढतात, व्याख्याही तोंडपाठ. परवा एकीने विचारलं, "किंमत वाढली की मागणी घटते, मागणी घटली की किंमत उतरते, मग किंमत वाढलेली राहतेच कशी?" वर्ग गप्प. मी विचलन (किमतीमुळे त्याच मागणीरेषेवर वरखाली होणं) आणि बदल (मागणीची रेषाच सरकणं) यांतला फरक पुन्हा फळ्यावर लिहिला, त्यांनी पुन्हा उतरवून घेतला. चाचणीत तीच चूक. प्रश्न इतका चांगला होता की मनाला लागून राहिलंय. साठ मुलं आणि एक तास, एवढंच हातात आहे. तुम्ही काय करता?

प्रतिसाद १:
ताई, एक तास वर्गातच बाजार भरवा. बारा-बारांचे पाच गट करा. प्रत्येक गटात सहा ग्राहक, सहा विक्रेते. ग्राहकांना चिठ्ठ्या द्या: २०, १८, १६, १४, १२, १०. याहून जास्त द्यायचे नाहीत. विक्रेत्यांना ६, ८, १०, १२, १४, १६. याहून कमी घ्यायचे नाहीत. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही, बोली मात्र मोठ्याने. ठरलेला प्रत्येक सौदा फळ्यावर लिहा.

त्याच चिठ्ठ्यांवर तीन फेऱ्या घ्या. पहिल्या फेरीतले भाव विखुरलेले असतात, पुढे ते १२ ते १४ च्या आसपास येऊ लागतात आणि सौदे साधारण चार होतात. मग चौथ्या फेरीआधी फक्त विक्रेत्यांचे आकडे चारने वाढवा. आता भाव १४ ते १६ कडे सरकतो, सौदे तीनच. इथे थांबून विचारा: "ग्राहकांच्या चिठ्ठ्या बदलल्या का?" नाही. म्हणजे मागणी होती तशीच आहे, फक्त वाढलेल्या भावाला घेणारा एक जण कमी झाला. तुमच्या विद्यार्थिनीचं उत्तर यातच आहे. आलेख यानंतर, त्यांच्याच चिठ्ठ्या उतरत्या-चढत्या क्रमाने लावून काढा.

प्रतिसाद २:
वरच्याला अनुमोदन. फेऱ्या मात्र गाळू नका. अर्थतज्ज्ञ चेंबरलिन यांनी हार्वर्डच्या वर्गात असा बाजार भरवला आणि १९४८ मध्ये निष्कर्ष छापले. सौदे समतोलापासून, म्हणजे मागणी आणि पुरवठा जुळतात त्या भावापासून, दूरच राहिले होते. त्या वर्गात बसलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी पुढे बोली सर्वांना ऐकू जाईल अशी ठेवली आणि फेऱ्या पुन्हा पुन्हा घेतल्या, तेव्हा भाव समतोलाकडे आला. ते काम १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं. २००२ चं नोबेल त्यांना प्रायोगिक अर्थशास्त्रासाठीच मिळालं.

आणखी एक. गणितातून आलेली मुलं आलेखात अडखळतात, कारण गणितात ज्याच्यामुळे बदल होतो ती राशी आडव्या अक्षावर असते आणि आपण किंमत उभ्या अक्षावर घेतो. ही अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्यापासून चालत आलेली पद्धत आहे, एवढं सांगितलं तरी त्यांचा गोंधळ बराच कमी होतो.

प्रतिसाद ३:
मी लिहायला लावते. आठवड्याला एक परिच्छेद: रोजच्या पाहण्यातली एखादी विसंगत वाटणारी गोष्ट आणि तिचं आर्थिक कारण. आलेख नाही, सूत्र नाही. मार्शल स्वतः गणितात तयार, तरी १९०६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ बाउली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितलं की गणित लघुलिपीसारखं वापरावं, मग ते साध्या भाषेत उतरवावं, खऱ्या जगण्यातली उदाहरणं द्यावीत आणि गणित जाळून टाकावं. वह्या तपासायला वेळ लागतो, पण कोण कुठे अडलंय ते तिथेच दिसतं. संधी खर्च (एक गोष्ट निवडताना सोडावा लागलेला सर्वांत चांगला पर्याय) तर लिहिल्याशिवाय पक्का होतच नाही, असा माझा अनुभव.

धागाकर्ती:
काल बाजार भरवला. दोन गटांत आधी नुसता गलका झाला, तिसऱ्या फेरीपर्यंत सगळे भानावर आले. चौथ्या फेरीनंतर प्रश्न विचारणारी तीच मुलगी उठून म्हणाली, "चिठ्ठ्या त्याच आहेत, मी फक्त परवडत नाही म्हणून बाहेर पडले." तिच्याकडे १४ ची चिठ्ठी होती.

मनापासून आभार. मक्तेदारीसाठी असाच एखादा खेळ कुणी घेतलाय का? पुढच्या महिन्यात तो पाठ आहे.