मदत हवी आहे: सावळ्या चेहऱ्यावरची सावली मळकट होतेय

नमस्कार मंडळी. सांगलीच्या हळद बाजारावर मुलांसाठी एक चित्रगोष्ट करतेय, क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये. मुख्य पात्र हळद निवडणारी आजी. रेखाटन मनासारखं झालंय, घोडं अडलंय ते चेहऱ्याच्या रंगापाशी.

सावळा बेस, म्हणजे चेहऱ्याचा मूळ रंग, भरून वर मल्टिप्लाय लेयरवर (खालचा रंग गडद करणाऱ्या थरावर) सावली टाकते. करडा रंग घेतला की चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. जांभळट तपकिरी त्यातल्या त्यात बरा, पण डोळ्यांखाली आणि नाकाच्या कडेला काळेनिळे डाग उठतात. कपाळ पिवळसर, गाल-नाक-कान लालसर, हनुवटीकडे जरा थंड रंग, हा नेहमीचा हिशोब माहीत आहे. सावळ्या कातडीवर त्यातली लाली किती ठेवायची?

खरं डोकं खातंय ते वेगळंच. आजीसमोर हळकुंडांचा ढीग, ऊन डोक्यावर. म्हणजे पिवळा उजेड उलटून हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली यायला हवा. तो दिला की धाकटी विचारते, "आजीला कावीळ झालीय का?" आता पॉलिश न केलेली हळकुंडं काही पिवळीधमक नसतात, तेव्हा रंग मातकट करून पाहिला, मग तो उजेडच वाटेना. उलटून आलेला उजेड थेट उन्हाच्या भागापेक्षा गडदच ठेवलाय. चित्र कृष्णधवल करून तपासलं, गडद-फिकं नीट आहे. गडबड रंगातच आहे.

असा उजेड तुम्ही कोणत्या लेयर मोडवर देता, ओव्हरले (खालच्या रंगात मिसळणारा) की साधा नॉर्मल (खालचा रंग झाकणारा)? आणि सुरकुत्या रेषेने काढाव्यात की नुसत्या सावलीने? जाणकारांनी जरा सांगा.