चेरी ऑर्चर्ड टीव्हीवर: कॉमेडी गेली कुठे?

तिरपी खुर्ची:
काल रात्री बीबीसीचं १९८१ चं चेरी ऑर्चर्ड बघून संपवलं, म्हणजे चेकॉव्हचं रशियन नाटक, कर्जात बुडालेल्या जमीनदार घराची चेरीची बाग लिलावात जाते ते. दिग्दर्शक रिचर्ड आयर, आणि घरची मालकीण राणेवस्काया म्हणजे जूडी डेंच. काम झकास करते ती, वादच नाही. पण मला कोणीतरी सांगा यातली कॉमेडी गेली कुठे? चेकॉव्हने नाटकावर कॉमेडी असं लिहिलंय, पत्रात तर काही ठिकाणी चक्क फार्स म्हणतो, आणि माल पण बघा ना, कारकून येपिखोदोव्ह करकरणारे बूट घालून येतो आणि खुर्चीला धडकतो, शेजारचा जमीनदार पिश्चिक राणेवस्कायाच्या औषधाच्या सगळ्याच्या सगळ्या गोळ्या तोंडात टाकून गिळतो, विद्यार्थी त्रोफिमोव्ह तावातावाने निघून जातो आणि जिन्यावरून गडगडतो. मी हसलो फक्त दोनदा. माझ्या मते दोष कॅमेऱ्याचा. राणेवस्कायाचा भाऊ गाएव्ह त्या शंभर वर्षांच्या कपाटापुढे भाषण ठोकतो ना, त्यातली गंमत त्याच्या तोंडावर नाहीच, बाकीचे कसे ओशाळून इकडेतिकडे बघतात त्यात आहे. क्लोजअप लावला की एक बिचारा माणूस उरतो, बस.

ओसरीवरची:
अरे पण हा रडका सूर टीव्हीने कुठे लावला, तो १९०४ साली मॉस्को आर्ट थिएटरलाच लागला! तिथल्या दिग्दर्शकाला, स्टानिस्लाव्हस्कीला, वाचतानाच रडू आलं होतं. चेकॉव्ह बायकोला पत्रात वैतागून लिहितो की शेवटचा अंक फार तर १२ मिनिटांचा, आणि हे लोक ४० मिनिटं ओढतायत. (बायको म्हणजे ओल्गा क्निपर, तीच राणेवस्काया करत होती, म्हणजे बिचारीला घरचा आहेर.) तेव्हा कुठे होता क्लोजअप? उलट चौथ्या अंकात व्यापारी लोपाखिन राणेवस्कायाच्या दत्तक मुलीला, वार्याला, मागणी घालायला म्हणून येतो आणि तीन डिग्री थंडी आहे वगैरे बोलत बसतो, ती म्हणते आमचं थर्मामीटर फुटलंय. संपलं लग्न. हे शेवटच्या रांगेतल्याला काय दिसणार? टीव्हीवरच दिसतं.

तिरपी खुर्ची:
वार्या-लोपाखिन मान्य, तो सीन टीव्हीचाच. पण तिसरा अंक घे. तिकडे बागेचा लिलाव चाललाय आणि घरात बँड बोलावून नाच, हा वेडेपणा सगळी खोली एकदम दिसली तरच चढतो. एकेक चेहरा कापून दाखवला की नुसती काळजी दिसते.

वऱ्हाडी पाहुणा:
मधे तोंड घालतो. आमचा वाडा विकला तेव्हा मी १४ वर्षांचा होतो. सौदा ठरायच्या दिवशी मोठे काका आणि बाबा दोन तास पितळी घंगाळावरून भांडले, रजिस्ट्रीचा विषय कोणी काढेना. आज आम्ही भाऊ ते आठवून खो खो हसतो पण त्या दिवशी आई आत रडत होती. तेव्हा यात हसायचं का रडायचं हा प्रश्नच मला पटत नाही. वाडा चिरेबंदी पाहतानाही माझं हेच झालं होतं.

तळमजला:
तुम्ही तिघंही मालकांच्या खुर्चीत बसून बोलताय, सॉरी पण. हसायचं का रडायचं म्हणता, पण हा ऱ्हास कोणाचा? लोपाखिनचा बाप आणि आजा याच इस्टेटीवर गुलाम होते, त्यांना स्वयंपाकघरातसुद्धा पाऊल टाकू देत नव्हते, आणि पोरगा कर्जाच्या वर ९० हजार बोली लावून अख्खी इस्टेट घेतो. बरं त्याने आधी मार्ग पण सांगितलेला, प्लॉट पाडा, बंगल्यांना भाड्याने द्या, वर्षाला २५ हजार रुबल येतील. यांना ते चीप वाटतं. घरात नोकरांना खायला नाही आणि बाई वाटेवरच्या भिकाऱ्याला सोन्याचं नाणं देते. विनोद हा आहे. १९८१ मध्ये बिल पॅटरसनचा लोपाखिन गावठी खलनायक वाटत नाही, यासाठीच मला ते आवडलं.

ओसरीवरची:
+१. चेकॉव्हला तो सभ्य माणूसच हवा होता, स्टानिस्लाव्हस्कीनेच करावा अशी इच्छा होती, त्याने गाएव्ह घेतला.

तिरपी खुर्ची:
तळमजला, मुद्दा चांगलाय पण मग त्या म्हाताऱ्या नोकराचं, फिर्सचं काय? १८६१ ला गुलामी सुटली त्याला तो संकट म्हणतो. ८७ वर्षांचा म्हातारा, शेवटी त्यालाच कुलूपबंद घरात विसरून जातात. तोही मालकांच्या खुर्चीत का?

आणि हो, ज्यांना जमेल त्यांनी १९६२ चं पण बघा, ब्लॅक अँड व्हाइट, मिशेल सँ-दनीचं. पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट राणेवस्काया, गिलगुड गाएव्ह, आणि राणेवस्कायाची मुलगी आन्या कोण? जूडी डेंच! १९ वर्षांनी तीच आई. ते मूळ स्टेजवर बसवलेलं, त्यामुळे माणसं एकमेकांचं ऐकत नाहीत हे तिथे जास्त कळतं.

तळमजला:
फिर्सला उत्तर नाहीये माझ्याकडे. बाय द वे, ते दोनदा हसलास ते कुठे?

तिरपी खुर्ची:
एकदा त्याच्यावरच. पूर्वी चेरी वाळवून गाड्या भरभरून मॉस्कोला जायच्या असं सांगतो, राणेवस्काया विचारते ती रीत कुठे गेली आता? तर म्हणतो, विसरले. कोणालाच आठवत नाही.