सल्ला हवा: फझी संच आणि संभाव्यता, सेमिनारसाठी काय वाचू?

फोंडेकर_गणिती: एम.एस्सी.च्या सेमिनारला हा विषय घेतलाय. (फझी संच म्हणजे ज्यात एखादी वस्तू 0 ते 1 मधल्या कुठल्याही प्रमाणात सदस्य असू शकते; तो आकडा म्हणजे तिचं सदस्यत्व.) लोत्फी झाडे (Zadeh) यांचा 1965 चा मूळ लेख वाचला. त्यात दोन संचांच्या छेदासाठी दोन सदस्यत्वांतला (अ आणि ब) लहान आकडा, संयोगासाठी मोठा. पण एका नोट्समध्ये छेदाला सरळ गुणाकार दिलाय, आणखी कुठे अ + ब − 1. तिन्ही कसे चालतात? पुढे काय वाचू? पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जायला जमेल.

सुशेगाद: फझी म्हणजे संभाव्यताच हो, नाव तेवढं नवं. विषय बदला.

बार्देसची_मास्तरीण: बदलू नका, विषय झकास आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक मानकुराद आंबा दहा जणांना दाखवा. सात म्हणाले 'पिकलाय', सहा म्हणाले 'मोठा आहे'. दोन्ही म्हणणारे किती? जास्तीत जास्त 6, कमीत कमी 3. नुसत्या 0.7 आणि 0.6 वरून नेमका आकडा निघतच नाही. या गणिती फ्रेशेच्या मर्यादा. वरची म्हणजे झाडेंचा लहान आकडा, खालची म्हणजे तर्कशास्त्रज्ञ लुकासिएविचच्या नावाचा अ + ब − 1 (ऋण आला तर शून्य). दोन्ही मतं एकमेकांपासून स्वतंत्र धरलीत तर गुणाकार, 0.42. थोडक्यात, सूत्र निवडताना तुम्ही परस्परावलंबन गृहीत धरता, आणि तेच बहुतेक नोट्स सांगत नाहीत.

सुशेगाद, आंबा आतून सडका असण्याची शक्यता सुरी लावली की निकालात निघते. 'पिकलाय 0.7' कापल्यावरही 0.7 राहू शकतं. त्यामुळे दोन्ही एकच नव्हेत.

वाचायचं तर आधी झाडेंचाच 1968 चा लेख. त्यात फझी घटनेची संभाव्यता म्हणजे सदस्यत्वाचं अपेक्षित मूल्य. मग स्क्लारचा 1959 चा कॉप्युलाचा (चलांचं परस्परावलंबन सांगणाऱ्या फलनाचा) सिद्धांत. टी-नॉर्मचं, म्हणजे छेदाच्या अशा सूत्रांचं, मूळ तर मेंगरच्या 1942 च्या कामात, फझी संचांच्या कितीतरी आधी!

फोंडेकर_गणिती: पण लहान आकडा घेतला तर 'पिकलेला' (0.7) आणि 'न पिकलेला' (1 − 0.7 = 0.3) यांचा छेद 0.3 येतो. सर नेमकं हेच विचारणार.

बार्देसची_मास्तरीण: विचारू देत. एकच माणूस दोन्हीला हो म्हणणार नाही, म्हणून त्या जोडीला खालची मर्यादा लागते: 0.7 + 0.3 − 1 = 0. प्रत्येक जोडीचं नातं वेगळं. मात्र तीन संचांवर लुकासिएविच लावून त्याला कॉप्युला म्हणू नका, तीन चलांना ते चालत नाही.